घर विकायचंय? आधी पाणी, मग भिंत, शेवटी रंग

आजच्या भागात मी बोलणार आहे गावाकडचं जुनं घर विकण्याआधीच्या डागडुजीबद्दल. होतं काय, पोरं पुण्याला, घराला कुलूप, आणि गिऱ्हाईक येणार म्हटलं की पहिली धाव रंगाच्या डब्याकडे. मी म्हणतो, थांबा. आपल्या धाराशिव जिल्ह्यात तरी रंग शेवटी.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात लातूरसोबत आपला उमरगा-लोहारा पट्टाही कोसळला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. घात केला तो मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि जड माळवदांनी.

अशी भिंत आतून बघा. एक थर आतला, एक बाहेरचा, मधे माती आणि दगडाच्या कपच्या. माळवदाचा उतार बिघडला, पन्हाळ तुंबला, की पाणी मधल्या भरावात उतरतं. माती धुपते, दोन थर सुटे होतात आणि भिंतीला पोट येतं. शिवाय गळती थांबवायला आपण वर्षानुवर्षं वर माती टाकत जातो. म्हणजे खाली भिंत कमजोर आणि वर वजन जास्त!

म्हणून माझा क्रम असा. होळी झाली की माळवदावरचं गवत मुळासकट काढा, उतार आणि पन्हाळ नीट करा. नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा. तुळईला वाळवी आहे का, टोकं कुजलीत का, ते बघा. भिंतीला पोट आलं असेल तर त्यावर सिमेंटचा गिलावा मारू नका. व्यंग झाकलं जातं, ताकद येत नाही. जाणकार गवंड्याकडून तेवढा भाग उतरवून पुन्हा रचून घ्या, आणि दोन्ही थरांना बांधणारे लांब दगड आडवे घालायला सांगा. हे सगळं मृगाच्या आत उरकलं, की एक पावसाळा जाऊ द्या. दिवाळीत भिंत कोरडी दिसली की मगच रंग. गिऱ्हाइकालाही तेव्हा डोळ्यांनी खात्री पटते.

कागदांचीही डागडुजी असते बरं का. घरपट्टी भरा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून आजोबांचंच नाव असेल, तर वारसांची नोंद आधी करून घ्या.

आणि जे दुरुस्त झालं नाही, ते सांगून टाका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं, की घेणाऱ्याला नेहमीच्या पाहणीत न दिसणारा, पण विकणाऱ्याला माहीत असलेला मोठा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. भाव थोडा कमी येईल, येऊ द्या. त्या माळवदाखाली उद्या कुणाची तरी लेकरं झोपणार आहेत.

भेटू पुढच्या भागात!