फोन आपल्याच घरी येतो तेव्हा

एडिसन, न्यू जर्सी

ऑक्टोबरातल्या एका दुपारी मुलाच्या शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. ताप आला असेल, पडला असेल, असंच मनात आलं. पण सातवीतल्या आमच्या मुलाविरुद्ध ‘एचआयबी’ची तक्रार होती. छळ, धमकावणी आणि दादागिरी यांची ही इंग्रजी आद्याक्षरं इथल्या शाळांत सर्रास बोलली जातात. नुकत्याच भारतातून आलेल्या एका मुलाला आमचा मुलगा आणि त्याचे मित्र ‘फॉब’ म्हणत, त्याच्या उच्चारांची नक्कल करत. ‘फॉब’ म्हणजे बोटीतून आत्ताच उतरलेला. इथे जन्मलेली भारतीय मुलं तो शब्द भारतातून आलेल्या मुलांवरच फेकतात.

माझ्या तोंडून निघालं, ‘‘मुलं आहेत, गंमत केली असेल.’’

मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘तो मुलगा चार दिवस स्वच्छतागृहात बसून डबा खातोय.’’

अमेरिकेत शाळेतल्या दादागिरीसाठी देशभराचा एकच कायदा नाही; प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने २०१० मध्ये आत्महत्या केली, राज्य हादरलं आणि पुढच्याच वर्षी कडक कायदा लागू झाला. वंश, धर्म, मूळ देश, अपंगत्व अशा कशावरूनही दिलेला त्रास त्यात येतो. या कायद्याने शाळेला तारखा बांधून दिल्या. तक्रार आल्यावर शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू, शाळेच्याच दहा दिवसांत पूर्ण. मग अहवाल शिक्षण मंडळापुढे जातो आणि दोन्ही बाजूंच्या पालकांना निष्कर्ष कळवावा लागतो. ‘बघू’ म्हणून कागद दाबून ठेवायला जागा नाही.

तरीही २०१७ मध्ये रॉकअवे टाउनशिपमधली मॅलरी ही १२ वर्षांची मुलगी गेली. तिच्या छळाबद्दल शाळेला वारंवार सांगूनही काही झालं नाही, असं तिच्या आईवडिलांचं म्हणणं होतं. त्यांनी खटला भरला आणि २०२३ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाने ९१ लाख डॉलरवर तडजोड केली. त्याआधी, जानेवारी २०२२ मध्ये, तिच्या नावाने ओळखला जाणारा नवा कायदा झाला होता. आता चौकशीचा निष्कर्ष विद्यार्थ्याच्या नोंदींत जातो. तिसऱ्यांदा तसंच घडलं, तर मुलासोबत पालकालाही प्रशिक्षणवर्गात बसायला शाळा सांगू शकते. ऑनलाइन छळाच्या प्रकरणात कोर्टाने सांगितलेला असा वर्ग पालकाने टाळला, तर पहिल्यांदा १०० डॉलरपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०० डॉलरपर्यंत दंड होतो. पूर्वी तो २५ आणि १०० होता.

शंभर डॉलर ही इथल्या नोकरदाराला जड रक्कम नाही. मला या कायद्याचं मोल वाटतं ते पालकाला मुलाच्या शेजारच्या खुर्चीत बसवण्यात. आपल्या मुलाला त्रास झाला की आपण शाळेत धावतो. त्याने त्रास दिला की मात्र आपण त्याचे वकील होतो. नोंदीवर डाग नको, पुढे कॉलेजचे अर्ज आहेत, म्हणून खरोखरीचे वकील लावणारेही असतात. मलाही ओळखीतल्या दोघांनी तोच सल्ला दिला.

आमच्या मुलावरची तक्रार खरी ठरली. समुपदेशन आणि काही दिवस मधल्या सुट्टीत वेगळं बसणं, एवढी शिक्षा झाली. ते पत्र आलं त्या रात्री जेवताना मी त्याला विचारलं, ‘‘माझं इंग्रजी तुला कसं वाटतं?’’ मी नाशिकहून इथे आलो त्याला अठरा वर्षं झाली, पण माझे उच्चार अजून तिकडचेच आहेत. त्याने मान वर केली नाही. बराच वेळ भात नुसता चिवडत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘बाबा, तो तुमच्यासारखंच बोलतो.’’

माफी मागायला दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या मुलाच्या घरी गेलो. दार त्याच्या वडिलांनी उघडलं. आधी मी बोललो, मग माझा मुलगा.