विजेची मागणी वाढते, म्हणून वीज कंपनीचा शेअर सुरक्षित?

बाजार जरा डगमगू लागला की एक सल्ला हमखास ऐकू येतो. “आयटी सोडा, बँका सोडा. पैसे वीज कंपन्यांत टाका. मंदी येवो, युद्ध होवो, लोक दिवे लावायचे थांबणार आहेत का?” निवृत्तीची रक्कम हातात आलेल्या माणसाला हा सल्ला देताना देणाऱ्याचा आवाज जराही कापत नाही. विजेच्या मागणीचा भाग खरा असल्याने शेअर सुरक्षित असल्याचा भागही खरा मानला जातो, आणि घोटाळा नेमका तिथे होतो.

मागणीबद्दल वादच नाही. 2007-08 मध्ये देशाची विजेची कमाल मागणी सुमारे 1 लाख 9 हजार मेगावॉट होती. 30 मे 2024 रोजी तिने अडीच लाख मेगावॉटचा टप्पा गाठला, म्हणजे दुपटीहून जास्त. मग याच काळात वीज कंपन्यांच्या भागधारकांचं काय झालं, हे तपासायला हवं.

जानेवारी 2008 मध्ये रिलायन्स पॉवरची प्रारंभिक समभाग विक्री झाली. मागणी 73 पट आली. लोकांनी कर्ज काढून अर्ज भरले. किरकोळ गुंतवणूकदाराला शेअर 430 रुपयांना मिळाला आणि नोंदणीच्याच दिवशी तो त्याखाली बंद झाला. कंपनीने नंतर पाच शेअरमागे तीन बोनस दिले, तो बोनस हिशेबात धरला तरी खरेदीची किंमत 269 रुपयांच्या आसपास पडते. 2020 मध्ये हा शेअर 5 रुपयांच्याही खाली होता. विक्रीच्या वेळी कंपनीचा एकही प्रकल्प वीज तयार करत नव्हता. ही गोष्ट माहितीपत्रकात होती, पण ‘देशाला वीज हवीच आहे’ या एका वाक्यापुढे ती कोणी वाचली नाही.

ही एका खासगी कंपनीची कथा म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांसाठी एनटीपीसीचं उदाहरण घेऊ. कंपनी सरकारी, नफ्यातली, देशातली सर्वांत मोठी वीज उत्पादक. जानेवारी 2008 च्या तेजीत तिचा शेअर अडीचशे रुपयांच्या वर होता आणि ऑक्टोबर 2020 मध्ये 80 च्या आसपास. मधल्या काळात पाच शेअरमागे एक बोनस मिळाला, लाभांशही मिळत राहिला. तरीही तेजीत घेतलेल्या भावाशी पुन्हा गाठ पडायला पंधरा वर्षं लागली. ज्याने तो 2020 मध्ये घेतला, त्याने पुढच्या चार वर्षांत भरपूर कमावलं. कंपनी तीच आणि विजेची गरजही तीच होती. दोघांच्या नशिबात फरक पाडला तो खरेदीच्या भावाने.

असं का होतं, ते समजून घ्यायला हवं, कारण मुळात विजेचा धंदा किराणा दुकानासारखा चालत नाही. गिऱ्हाईक वाढलं की गल्ला वाढतो, हा हिशेब इथे लागू नाही. एनटीपीसीच्या औष्णिक केंद्रांचा दर केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवतो. प्रकल्पाच्या खर्चापैकी साधारण 30 टक्के भाग भागभांडवल धरला जातो आणि त्यावर किती परतावा द्यायचा ते नियमात लिहिलेलं असतं. 2019 ते 2024 या काळासाठी तो 15.5 टक्के होता. हा परतावा ज्या स्थिर आकारातून मिळतो, तो वसूल होतो संच वीज देण्यासाठी किती सज्ज होता यावर. एप्रिल-मेमध्ये उन्हाळा कडक पडला आणि पंखे-एसी जास्त चालले म्हणून अशा कंपनीचा नफा त्या प्रमाणात वाढत नाही. परतावा वाढतो तो नवे प्रकल्प उभे राहिले की, आणि त्यासाठी कर्ज काढावं लागतं. म्हणूनच व्याजदर वाढले की हे शेअर दबतात. खर्च वाढतो, शिवाय लाभांशासाठी शेअर घेणाऱ्याला मुदत ठेव जास्त बरी वाटू लागते.

खासगी प्रकल्पांचं दुखणं वेगळं आहे. मुंद्र्याचा टाटा पॉवरचा 4,000 मेगावॉटचा प्रकल्प महाराष्ट्रालाही वीज देण्यासाठी उभा राहिला. बोलीत त्याचा दर ठरला युनिटला 2 रुपये 26 पैसे, इंडोनेशियातल्या स्वस्त कोळशाच्या भरवशावर. 2010 मध्ये इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यात किमतीचे नियम बदलले. कोळसा महागला, दर मात्र करारात बांधलेला. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशातल्या कायद्यामुळे वाढलेल्या खर्चाची भरपाई या करारात बसत नाही. त्यानंतर कंपनीने या प्रकल्पातला 51 टक्के हिस्सा वीज घेणाऱ्या राज्यांना एक रुपयात देऊ केला. वीज विकली जात असूनही प्रत्येक युनिटमागे तोटा होत होता. “लोक दिवे लावायचे थांबणार आहेत का?” या प्रश्नाला मुंद्र्याइतकं चोख उत्तर दुसरं नाही.

आपल्या सिन्नरला तर दिवे लावण्यापर्यंतही गोष्ट गेली नाही. तिथला 1,350 मेगावॉटचा प्रकल्प बांधून तयार झाला, पण वीज खरेदीचा दीर्घ मुदतीचा करार नसल्याने वर्षानुवर्षं बंद राहिला आणि अखेर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. तो एकटा नव्हता. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने मार्च 2018 च्या अहवालात कोळशावरच्या अशा 34 अडचणीतल्या प्रकल्पांची यादी दिली आहे. त्यांची एकत्रित क्षमता 40 हजार मेगावॉटच्या वर होती. ज्यांना शंका असेल त्यांनी तो अहवाल काढून वाचावा.

वीज विकली, तरी पैसे वेळेवर मिळतातच असंही नाही. जून 2022 मध्ये केंद्राने विलंब आकाराचे नवे नियम केले, तेव्हा वितरण कंपन्यांकडे उत्पादकांची सुमारे 1 लाख 40 हजार कोटींची थकबाकी होती. नियमांनंतर वसुली सुधारली, हेही सांगायला हवं.

ऊर्जा क्षेत्रातल्या आणखी काही समजुती थोडक्यात निकालात काढू. ‘सरकारी कंपनी म्हणजे सरकारची हमी’ ही त्यातली पहिली. टाळेबंदीत केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने सरकारी वीज कंपन्यांना वितरण कंपन्यांच्या स्थिर आकारात 20 ते 25 टक्के सूट द्यायला सांगितलं. मोठा मालक सरकार असलं की असे निर्णय होणारच, आणि लहान भागधारकाला त्यात मत नसतं. ‘कच्चं तेल महागलं की तेल कंपन्यांची चांदी’ हेही तसंच. एप्रिल ते जून 2022 या महाग तेलाच्या तिमाहीत पेट्रोल-डिझेलचे दर रोखून धरले गेले आणि एचपीसीएलला 10 हजार कोटींहून जास्त तोटा झाला. 1 जुलैला देशी कच्च्या तेलावर विशेष कर लागला आणि ओएनजीसीचा शेअर त्याच दिवशी सुमारे 13 टक्के पडला. ‘भविष्य हरित ऊर्जेचं, म्हणून तिचे शेअर चढणारच’ असं मानणाऱ्यांनी पुण्याच्या सुझलॉनचा आलेख पाहावा. जानेवारी 2008 मध्ये 400 च्या वर असलेला हा शेअर मार्च 2020 मध्ये 2 रुपयांच्या खाली होता, आणि त्या बारा वर्षांत देशातल्या पवनचक्क्या वाढतच होत्या.

याचा अर्थ हे शेअर घेऊच नयेत असा नाही. पारेषण किंवा नियमित दरावर चालणाऱ्या कंपन्यांचं उत्पन्न इतर अनेक उद्योगांपेक्षा स्थिर असतं, हे मान्यच आहे. पण घेण्याआधी वार्षिक अहवाल उघडा. वीज कोण विकत घेतं, करार किती वर्षांचा आहे, इंधनाचा वाढीव खर्च ग्राहकाकडून वसूल करता येतो का, येणी किती दिवसांची आहेत, कर्ज भांडवलाच्या किती पट आहे, आणि आजचा भाव पुस्तकी मूल्याच्या किती पट आहे, एवढं तरी पाहा. शेवटचा प्रश्न तेजीत कोणी विचारत नाही, आणि 2008 मध्ये त्याचीच किंमत लोकांनी मोजली.

पुढच्या दोन-चार वर्षांत जो पैसा लागणार आहे, मुलीच्या शिक्षणाचा असो वा आजारपणाचा, तो ठेव मोडून या शेअरमध्ये घालू नका. बँकेतल्या ठेवीला व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा आहे. वीज कंपनीच्या शेअरला एक रुपयाचाही नाही.