पुराची नाव आणि तिचें एंजिन

उल्हास नदी पात्र सोडून बाहेर पडली, कीं बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथील पालिकांनीं स्वतःची एखादी नाव घेऊन ठेवावी, हा विचार डोकें वर काढतो. विचार योग्यच आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र बहुधा घाईनें दिलें जातें. त्या नावेला एंजिन केवढें असावें? 'मिळेल तेवढें मोठें' हें उत्तर विकणाऱ्याला फार आवडतें. नदीच्या हिशेबांत तें क्वचितच बसतें.

हा हिशेब कसा मांडावा हें कळण्यास २०१९ सालचा प्रसंग उपयोगी पडतो. २६ जुलैच्या रात्रीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुरांत अडकली. रुळांच्या दोहों अंगांस पाणीच पाणी, आणि डब्यांत गरोदर स्त्रिया, वृद्ध व लहान मुलें. दुसऱ्या दिवशीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान रबरी नावा घेऊन आले, आरमार व वायुदल यांचें साहाय्य मिळालें, आसपासचे गांवकरी मदतीस आले, आणि सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर निघाले.

आतां समजा, अशा ठिकाणीं एका नावेंत दहा माणसें बसतात आणि कोरडी जमीन ४०० मीटरांवर आहे. एकाच नावेवर काम सोंपविलें तर शंभरांहून अधिक खेपा झाल्या. माणसांना चढविण्यास पांच मिनिटें व उतरविण्यास पांच मिनिटें धरलीं, आणि नावेचा वेग ताशीं १० किलोमीटर धरला, तर जाण्यायेण्यास पांच मिनिटांहून किंचित् कमीच लागतात. म्हणजे एक खेप सुमारे पंधरा मिनिटांची. हाच वेग दुप्पट केला तरी खेपेमागें अडीच मिनिटेंहि वांचत नाहींत. उलट तशीच दुसरी नाव आणली तर सारें काम निम्म्या वेळांत होतें.

शिवाय दुप्पट वेग कांहीं दुप्पट शक्तीनें मिळत नाहीं. नाव पाणी कापीत चालली असतां पाण्याचा विरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. म्हणजे दुप्पट वेगास आठपट अश्वशक्ति. त्यांतहि आणखी एक अडचण आहे. चालत्या नावेच्या नाळेशीं लाट उठते आणि वेगाबरोबर ती लांबत जाते. लाट नावेच्या लांबीएवढी झाली, कीं नाव जणूं स्वतःच उठविलेल्या चढावर चढूं लागते. १६ फूट लांबीच्या नावेस ही मर्यादा ताशीं १० किलोमीटरांच्या आसपास गांठते. ती ओलांडावयाची तर नावेनें पाण्यावर उचलून घसरत गेलें पाहिजे. रिकामी हलकी नाव हें सहज करते. माणसांनीं भरलेली नाव त्यासाठीं फार मोठें एंजिन मागते. आणि पाण्याखालीं कुंपणाच्या तारा, मोऱ्यांचे कठडे व बुडालेल्या गाड्या असतां त्या वेगानें नाव हांकणें हें धाडस नसून वेडेपणा आहे.

मग लहानच एंजिन घ्यावें काय? तेंहि नाहीं. भातखाचरांत पसरलेलें पाणी संथ असतें, पण मुख्य पात्रांत आणि पुलाच्या खांबांपाशीं तेंच पाणी अनावर होतें. भरलेली नाव ताशीं १० किलोमीटर चालते आणि समोरून येणारा प्रवाह ८ किलोमीटरांचा आहे असें धरलें, तर ती वर सरकते ताशीं अवघी २ किलोमीटर. एंजिन क्षणभर अडखळलें कीं नाव मागें, पुलाकडे. म्हणून पूर्ण भार घेऊन, प्रवाहाविरुद्ध, तीन चतुर्थांश जोरावर जें एंजिन काम भागवितें तेंच पुरेसें समजावें. उरलेला चतुर्थांश संकटासाठीं राखलेला असतो.

भार म्हणजे किती, हें दोन पोकळ नळकांड्यांवर सपाट तक्ता बसविलेल्या नावेच्या उदाहरणानें पाहतां येईल. हिला पोंटून म्हणतात. आजारी माणसाला तिच्यावर झोपवून नेतां येतें, ही तिची मोठी सोय. मात्र वारा व प्रवाह यांचा रेटा तिच्या रुंद अंगावर अधिक बसतो. ६० सेंटिमीटर व्यासाचें व ६ मीटर लांबीचें नळकांडें पूर्ण बुडालें तर सुमारे १,७०० किलो पाणी बाजूस सारतें. दोन्ही नळकांडीं निम्म्याहून अधिक बुडूं देऊं नयेत हा शहाणपणाचा नियम. म्हणजे दोहोंवर मिळून सगळा भार १,७०० किलोंच्या आंत हवा. नावेचें स्वतःचें वजन ७०० किलो आणि एंजिन, इंधन व सामान मिळून १५० किलो धरल्यास उरतात ८५०. त्यांत चालकासह बारा-तेरा माणसें मावतात.

१५ अश्वशक्तीच्या एंजिनाचें वजन ३५ ते ५० किलो असतें, ४० अश्वशक्तीच्या एंजिनाचें ७० ते १००. पूर्ण जोरानें चालल्यास हें दुसरें एंजिन तासाला १५ लिटरांच्या आसपास पेट्रोल पितें. चार तासांचें इंधन बरोबर घ्यावयाचें तर तेंहि वजनांत आलें. दोन्ही फरक मिळून एका माणसाची जागा जाते. शिवाय हें वजन सगळें नावेच्या पाठीमागच्या टोकावर पडतें. वर सांगितलेल्या नावेस २५ ते ४० अश्वशक्ति हा बेताचा पल्ला होय. बनविणाऱ्यानें पट्टीवर कोरलेली कमाल मर्यादा मात्र कोणत्याहि कारणानें ओलांडूं नये.

अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवालयाजवळून वाहणाऱ्या वालधुनीचा प्रश्न निराळा आहे. अरुंद पात्र, दाटीची वस्ती, ठेंगणे पूल आणि पाण्यांतला कचरा. तेथें पंखाच चालणें कठीण. अशा जागीं वल्हीं व दोर यांवरच भिस्त ठेवावी. उल्हासच्या खालच्या अंगास जलपर्णी माजते. तिचा गुंता पंख्याला बसतो, आणि एंजिन थंड ठेवण्यासाठीं पाणी ओढणारें तोंड त्यानें बुजलें, तर अश्वशक्ति कितीहि असो, एंजिन तापून बंद पडतें.

पंख्याकडे ग्राहकाचें लक्ष सर्वांत कमी जातें. बोरघाट चढतांना मोटारीचा चालक खालचा गियर घालतो, त्याप्रमाणें भाराच्या नावेला दर फेऱ्यास थोडेंच पुढें सरकणारा पंखा लागतो. म्हणून खरेदीपूर्वीं, उन्हाळ्यांतच, ८५० किलोंपैकीं चालकाचें वजन सोडून बाकीचीं वाळूचीं पोतीं नावेंत रचावीं व ती संथ पाण्यांत पूर्ण जोरानें चालवून पाहावी. एंजिनानें आपल्या ठरलेल्या फेऱ्या गांठल्या नाहींत, तर मोठें एंजिन मागण्याआधीं कमी पल्ल्याचा पंखा लावून पुन्हा पाहावें. जो पंखा उतरेल तोच बसवावा, आणि त्याच मापाचा दुसरा, त्याच्या खिळीसह, नावेंतच बांधून ठेवावा.