एंडोमेट्रिऑसिसची वेदना आणि आहारातील खनिजे

पाळीच्या वेळी असह्य वेदना, मलप्रवृत्तीच्या वेळी कळ आणि अतिरजःस्राव अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णेची औषधांची पिशवी आम्ही आवर्जून उघडून पाहतो. स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, पूर्वीच्या वैद्यांचे नवायस लोह वा पुनर्नवा मंडूर आणि दुकानातून स्वतःच आणलेली कॅल्शियम-मॅग्नेशियमची गोळी एकाच पिशवीत निघते. देणाऱ्याने आपापल्या परीने योग्यच दिलेले असते. बेरीज मात्र कोणी केलेली नसते.

या व्याधीत गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. उदावर्ता योनिव्यापदाशी तिचे साम्य दाखविले जाते. लक्षणांपुरते ते आम्हांस मान्य आहे, त्याहून अधिक नाही.

लोहाचे कोडे मोठे आहे. अतिस्रावाने शरीर लोहाला मुकते, तर श्रोणिपोकळीत साचलेल्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून तेथे लोहसंचय होतो व तो दाहास हातभार लावतो. बीजकोशातील ‘चॉकलेट’ ग्रंथीत हा संचय विशेष आढळतो. तोंडावाटे दिलेले लोह हा दाह वाढविते, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून पांडुतेच्या रुग्णेचे लोह बंद करणे चूकच ठरेल. परंतु हिमोग्लोबिन व फेरिटिन न पाहता लोहकल्पावर लोहकल्प चढविणेही योग्य नव्हे. दाहात फेरिटिन वाढलेले दिसू शकते, हेही ध्यानी ठेवावे. शिवाय लोहाने मलावष्टंभ होतो आणि या रुग्णेच्या बाबतीत मलावष्टंभ म्हणजे वेदनाच. मात्रा कमी करून किंवा एक दिवसाआड देऊन तो पुष्कळदा आटोक्यात येतो.

मॅग्नेशियमने स्नायूंचे आकुंचन शिथिल होते. साध्या कष्टार्तवात त्याचा उपयोग दाखविणारे काही छोटे प्रयोग झाले आहेत. एंडोमेट्रिऑसिससाठी पुरावा तुटपुंजा आहे. त्यामुळे आम्ही प्रथम आहाराकडे वळतो: तीळ, बाजरी, राजगिरा, कडधान्ये, पालेभाज्या. जेवणात आवळा वा लिंबू असावे. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने घ्यावा, अन्यथा धान्य-भाजीतील लोह कमी शोषले जाते. (ही चहाची अट रुग्णांना औषधाहून कडू वाटते!)

औषधविक्रेत्यांना एक विनंती. मॅग्नेशियमची गोळी मागणाऱ्या स्त्रीस मूत्रपिंडाचा विकार आहे का आणि थायरॉईडची गोळी चालू आहे का, एवढे विचारावे. पहिल्याचे उत्तर ‘होय’ असल्यास वैद्यांच्या सल्ल्याविना गोळी देऊ नये. दुसऱ्याचे ‘होय’ असल्यास लोह, कॅल्शियम व मॅग्नेशियम त्या गोळीपासून चार तास दूर ठेवण्यास सांगावे.