समुद्राचा केसपेपर

अमिनो आम्ले म्हटले की आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या डोळ्यांपुढे नवजात अर्भकाची टाच आणि गाळणकागदावर टिपलेला रक्ताचा थेंब उभा राहतो. १९३४ साली नॉर्वेतील डॉ. फोलिंग यांनी बौद्धिक वाढ खुंटलेल्या दोन भावंडांच्या लघवीवरून फिनाइलकीटोन्युरिया हा विकार ओळखला. कोणते अमिनो आम्ल वाढले आणि कोणते घटले, यावरून चयापचयाची साखळी कोठे तुटली हे आपण तेव्हापासून वाचत आलो आहोत. सागरवैज्ञानिकही याच अमिनो आम्लांवरून समुद्रातील सेंद्रिय पदार्थ किती विघटित झाला आहे हे वाचतात, हे कळल्यावर मला मोठे नवल वाटले.

सह्याद्रीच्या माथ्यावरील गुंजीत बसून समुद्राची चौकशी कशासाठी, असे कोणी विचारील. पण आमच्याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते, तर कणकुंबीची मलप्रभा कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जाते. आमचा पालापाचोळा, शेतातील गाळ आणि सांडपाणी दोन्ही समुद्रांच्या वाटेला लागलेले असते.

समुद्राच्या पृष्ठभागावर वाढणारे वनस्पतिप्लवक मेले की त्यांचे अवशेष तळाकडे झिरपू लागतात आणि जिवाणू वाटेतच त्यांवर ताव मारतात. पेशीच्या आतील प्रथिने आधी संपतात; त्यांबरोबर टायरोसिन व फिनाइलअ‍ॅलानिन घटतात. पेशीभित्तिकेतील ग्लायसिन, सेरीन व थ्रिओनिन मात्र मागे रेंगाळतात. याउलट बीटा-अ‍ॅलानिन व गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल यांचे प्रमाण वाढत जाते. हे दुसरे आम्ल म्हणजे आपला ‘गाबा’. बालकाचे झटके शमवताना आपण ज्याचा आधार घेतो, तेच रेणू समुद्रतळाच्या चिखलात जुनेपणाची खूण ठरतात. कारण अ‍ॅस्पार्टिक व ग्लुटामिक आम्लांचे विघटन करताना जिवाणू ही दोन आम्ले मागे ठेवतात.

नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला सुमारे दिवसभर तापवतात व द्रव क्रोमॅटोग्राफीने एकेक आम्ल मोजतात. १९९८ साली डौवे व मिडेलबर्ग यांनी या साऱ्या मोजमापांतून एकच विघटन-निर्देशांक काढण्याची रीत मांडली. ताज्या प्लवकाचा आकडा साधारण अधिक एकच्या आसपास, तर खोल तळावरील जुन्या गाळाचा उणे दोनच्या आसपास येतो.

आपल्या शेजारी, गोव्यातील दोना पावला येथे, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिने हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने १९८६ पासून अरबी समुद्रात खोलवर नरसाळ्यासारखे सापळे सोडून झिरपणारे कण गोळा केले. मोसमी वाऱ्यांच्या काळात ही कणवृष्टी वाढते, हे १९८९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कणांतील अमिनो आम्लेही पुढे मोजली गेली.

या मोजदादीचे मोल काय? विघटनाला प्राणवायू लागतो. अरबी समुद्राच्या मोठ्या भागात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीच्या थरात तो जवळजवळ नसतोच. आणि पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या तळाकडील पाण्यातही तो अतिशय कमी होतो. अवशेष जितका ताजा, तितका तो पुढे अधिक प्राणवायू खाणार. निर्देशांक याचीच पूर्वसूचना देतो. अर्थात एका रिपोर्टवरून निदान करू नये, हा आपला नियम येथेही लागू आहे. डायटमच्या सिलिका-कवचातील ग्लायसिनमुळे आकडा फसवू शकतो, म्हणून इतर पुराव्यांची जोड लागतेच.

बांगडा, तारली ही आपल्या भागातील अनेक लेकरांच्या ताटातील स्वस्त, सकस प्रथिने. मुलांच्या वाढीला लागणारी अत्यावश्यक अमिनो आम्ले ज्या मासळीतून येतात, त्या मासळीला श्वास घ्यायला पाणी निरोगी हवे. तेव्हा ओढ्यात घाण सोडताना ती उद्या कोणाचा प्राणवायू खाणार आहे, याचा विचार आपण घाटमाथ्यावरच्या माणसांनीही करावा. मुलाच्या आहाराविषयी सल्ला देताना आपण डॉक्टरांनी एवढे एक वाक्य जोडले, तरी पुष्कळ झाले.