भोवरे अडवले तरच वीज अखंड वाहते

मिरजेच्या दवाखान्यात एमआरआयसाठी दीड टेस्लाचं यंत्र असेल, तर त्याचं चुंबक सहसा नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं असतं. ही तार द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवतात. एकदा सोडलेला प्रवाह तिच्यात वर्षानुवर्षं फिरत राहतो. ही झाली अतिसंवाहकता. तिच्याविषयी जे सर्रास सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं अर्धवट आहे.

अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला आत येऊच देत नाही, हा पहिला समज. माइसनर आणि ऑक्सनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवलेला हा परिणाम खरा आहे, पण शिसं-पाऱ्यासारख्या धातूंपुरता, किंवा क्षेत्र क्षीण असेपर्यंत. आपण शिकवताना बहुतेकदा तिथेच थांबतो, याचं मला वाईट वाटतं, कारण खरी गंमत पुढे आहे. मिश्रधातू आणि तांब्याची ऑक्साइडं प्रबळ क्षेत्राला बारीक दोऱ्यांच्या रूपात आत घेतात. प्रत्येक दोऱ्याभोवती प्रवाह गोल फिरतो, म्हणून तो भोवरा. अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये हे गणिताने मांडलं. नोबेल मिळालं २००३ मध्ये.

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमात भोवरे लहान-मोठे कसेही पडतात. इथे तसं नाही. प्रत्येक भोवऱ्यातून नेमका तेवढाच चुंबकीय प्रवाह जातो : एका वेबरच्या पद्माव्या (एकावर पंधरा शून्यं) भागाच्या सुमारे दुप्पट. क्षेत्र वाढलं की भोवरे मोठे होत नाहीत, त्यांची संख्या वाढते. दीड टेस्लाला एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ७२ कोटी भोवरे दाटतात, सहसा त्रिकोणी जाळीत.

पदार्थ जितका शुद्ध तितका अतिसंवाहक चांगला, हा दुसरा समज तर अगदी उलटा आहे. तारेतून वीज वाहू लागली की भोवऱ्यांवर आडवा जोर येतो. ते सरकले की विद्युतदाब निर्माण होतो, उष्णता होते आणि ‘शून्य रोध’ संपतो. निर्दोष स्फटिकात त्यांना अडवणारं काहीच नसतं. म्हणून नायोबियम-टायटॅनियमची तार पुनःपुन्हा तापवून आणि ओढून तिच्यात टायटॅनियमचे सूक्ष्म कण मुद्दाम तयार करतात. भोवरे तिथे अडकून बसतात. यिट्रियम-बेरियम-तांबे-ऑक्साइडच्या फितीत बेरियम झिरकोनेटचे नॅनोस्तंभ घालतात ते याचसाठी. द्रव नायट्रोजनने गार केलेल्या अतिसंवाहक वडीवर तरंगणारं चुंबक हलवूनही जागा सोडत नाही, कधी वडीखाली लटकूनही राहतं, तेही अडकलेल्या भोवऱ्यांच्या बळावर.

तांब्याच्या ऑक्साइडांना ‘उच्च-तापमान’ अतिसंवाहक म्हणतात, पण त्याचा अर्थ गरम असा नव्हे. बेडनॉर्त्झ आणि म्युलर यांनी १९८६ मध्ये हे कुळ शोधलं; पुढच्याच वर्षी सापडलेलं यिट्रियमचं संयुग साधारण उणे १८१ अंशांखाली अतिसंवाहक होतं. पण तापमान सोयीचं झालं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. उष्णतेने भोवरे थरथरतात, जाळी वितळते, भोवऱ्यांचा द्रव होतो. बिस्मथच्या संयुगात हे इतक्या लवकर होतं की द्रव नायट्रोजनच्या तापमानाला प्रबळ चुंबकाच्या गुंडाळीसाठी ते निरुपयोगी ठरतं. आणखी थंड केलं की तेच उत्तम चालतं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी ही जाळी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिली. मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या पातळ थरात ती एकदम न वितळता एका मधल्या अवस्थेतून जाते, हे त्यांनी २०१९ मध्ये दाखवलं. तो पदार्थ उच्च-तापमानाच्या कुळातला नाही, पण भोवऱ्यांचा प्रश्न तोच आहे.

राहिली कोयनेची वीज अशा तारेतून सांगलीपर्यंत शून्य गळतीने आणण्याची कल्पना. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. प्रवाह दर वेळी दिशा बदलतो, भोवरे आत-बाहेर ओढले जातात आणि थोडी ऊर्जा खर्च होतेच. वर सगळी वाट गार ठेवायची. जर्मनीत एसेन शहरात २०१४ मध्ये अशी केबल सुरू झाली, ती सुमारे एक किलोमीटरची. एकाच दिशेने वाहणाऱ्या स्थिर प्रवाहात मात्र अडकलेले भोवरे जागचे हलत नाहीत, आणि लांबच्या वाहिनीसाठी मला तीच दिशा अधिक आशेची वाटते.