गव्हाणीतली पेंड आणि परदेशातली बाजारपेठ : सोलापूरच्या दुधाचा निर्यातमार्ग

दुग्धजन्य पदार्थांच्या निर्यातीची चर्चा बहुधा परवाने, शुल्क आणि बंदर यांच्याभोवती फिरते. परंतु आयातदार देश ज्या कारणांवरून माल स्वीकारतो किंवा परत पाठवतो, त्यांतील बरीचशी कारणे दूध कारखान्यात पोहोचण्यापूर्वीच, गोठ्यात ठरून गेलेली असतात. सोलापूर जिल्हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. लांब, तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस याच भागाच्या नावाने ओळखली जाते, आणि सांगोला, मंगळवेढा, करमाळा या अवर्षणप्रवण तालुक्यांत बेभरवशाच्या शेतीला गेल्या काही दशकांत संकरित गाईंच्या दुधाने हात दिला आहे. ‘दूध पंढरी’ या नावाने माल विकणारा जिल्हा सहकारी संघ, माळशिरस तालुक्यातील ‘शिवामृत’ हा सहकारी संघ आणि शेजारच्या इंदापुरातील ‘सोनाई’सारखे खासगी प्रकल्प या पट्ट्यातले दूध गोळा करतात. ताजे दूध दूरदेशी पाठवणे परवडत नसल्यामुळे निर्यातीचा विचार मुख्यतः भुकटी, तूप, लोणी आणि चीज यांच्यापुरता उरतो.

कागदपत्रांचा भाग किचकट असला तरी अवघड नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक, अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना आणि १९८५ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या ‘अपेडा’कडील नोंदणी ही त्याची पहिली पायरी होय. खरी चाळणी १९६३ च्या निर्यात (गुणवत्ता नियंत्रण व तपासणी) कायद्याची असते. या कायद्याखालील निर्यात तपासणी परिषद मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि कोची येथील आपल्या पाच संस्थांमार्फत दूधप्रक्रिया कारखान्यांना मान्यता देते, प्रतिजैविके, कीटकनाशके आणि जड धातू यांच्या अंशांसाठी नमुने तपासण्याची योजना राबवते आणि मालासोबत आरोग्य प्रमाणपत्र देते. आखाती देशांना वेष्टनावर अरबी मजकूर लागतो. अमेरिकेत कारखान्याची तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी लागते आणि माल पोहोचण्यापूर्वी सूचना द्यावी लागते. युरोपीय संघाच्या बाबतीत देशाचे नाव एका यादीत असावे लागते आणि कारखान्याचे दुसऱ्या यादीत.

त्यापुढचा अडथळा लाळ्या-खुरकूत रोगाचा आहे. हा रोग माणसाला दुधातून होत नाही, पण त्याचा विषाणू आयातदार देशातील जनावरांपर्यंत पोहोचण्याची भीती असते. म्हणून रोगग्रस्त देशांतून येणाऱ्या दुधाच्या बाबतीत युरोपीय संघ ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंदांचे नेहमीचे पाश्चरीकरण एवढ्यावर समाधान मानत नाही; ते दोनदा करणे, भुकटीसाठी वाळवताना पुन्हा उष्णता देणे, किंवा त्याऐवजी किमान १३५ अंशांची अतिउच्च तापमानाची प्रक्रिया करणे, अशा पर्यायांतून एक निवडावा लागतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम, त्यातील नियमित लसीकरण आणि जनावराच्या कानातला बारा अंकी बिल्ला यांचा संबंध थेट या अटींशी आहे, हे बिल्ला मारून घेणाऱ्या पशुपालकाला क्वचितच सांगितले जाते.

उष्णतेने विषाणू मरतो, परंतु अफ्लाटॉक्सिन जात नाही, आणि सोलापूरचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. ओलसर साठवणुकीत सरकी पेंड, शेंगदाणा पेंड आणि मका यांच्यावर अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते व अफ्लाटॉक्सिन बी-१ हे विष तयार करते; जनावराच्या यकृतात त्याचे रूपांतर होऊन एम-१ या स्वरूपात त्याचा काही अंश दुधात उतरतो. भारतीय मानक आणि कोडेक्स हे आंतरराष्ट्रीय मानक किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमपर्यंत एम-१ चालवून घेतात, तर युरोपीय संघाची मर्यादा ०.०५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दहापट कडक आहे. देशात निर्धोक ठरलेले दूध तेथे नाकारले जाऊ शकते, ते यामुळे. मालदांडी ज्वारीचा कोरडा कडबा हा या जिल्ह्याचा परंपरागत चारा होता. संकरित गाई वाढल्या तशी पेंडीवरची भिस्त वाढली, आणि दुष्काळात चारा छावण्यांची वेळ येते तेव्हा मिळेल ते खाऊ घालण्यावाचून पशुपालकापुढे पर्याय राहत नाही.

एम-१ दुधातील केसिन या प्रथिनाला चिकटते, स्निग्धांशात ते फारसे उतरत नाही. परिणामी दूध साय वेगळी करणाऱ्या विभाजक यंत्रातून काढले की साय तुपाकडे जाते आणि विषाचा मोठा वाटा भुकटीकडे. तूप कढवण्याची उष्णता शंभर अंशांच्या वर असल्याने रोगविषयक अटही त्याला जाचत नाही. म्हणून अधिक स्निग्धांशाच्या म्हशीच्या दुधाचे तूप हा सोलापूरसाठी निर्यातीचा स्वाभाविक माल ठरायला हवा. प्रत्यक्षात मात्र सरकारी धोरणाचे लक्ष जादा गाईच्या दुधाच्या भुकटीवरच खिळलेले दिसते. शिवाय संकलन केंद्रावर दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ, यांच्यावर. पेंड कोरड्या जागी ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्या दरपत्रकात वेगळे स्थान नाही, आणि त्याचे दूध तर शेजाऱ्याच्या दुधासह एकाच शीतटाकीत मिसळते.

या मिसळण्यामुळेच उगम शोधणे कठीण होते. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने पाश्चात्त्य अन्नपदार्थांवर बंदी घातल्यावर भारतीय चीजला तेथे वाव निर्माण झाला, तेव्हा कारखान्याकडे किमान हजार जनावरांचा गोठा असावा ही अट वाटाघाटींत अडसर ठरली. पुढे ज्या दोन कंपन्यांना प्रथम परवानगी मिळाली, त्या पराग मिल्क फूड्स आणि श्रायबर डायनॅमिक्स यांचे मोठे कारखाने शेजारच्या पुणे जिल्ह्यात, मंचर आणि बारामती येथे आहेत. दोन-चार जनावरांच्या गोठ्यांवर उभ्या असलेल्या सहकारी संघांना दुधाच्या उगमाचा पुरावा द्यायचा तर प्रत्येक गावाच्या दुधाची, औषधांची आणि पेंडीची नोंद ठेवावी लागेल. हे खर्चिक आहे, अशक्य नाही.

सरकारी धोरणाने या गुंतवणुकीला स्थैर्य दिले, असे म्हणता येत नाही. देशात दूध महागल्यावर फेब्रुवारी २०११ मध्ये केंद्राने भुकटीच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती जून २०१२ मध्ये उठवली. परदेशी ग्राहक एवढा काळ वाट पाहत नाही, तो न्यूझीलंडकडे वळतो. उलट जुलै २०१८ मध्ये भाव कोसळून महाराष्ट्रात दूध आंदोलन पेटले, तेव्हा राज्य सरकारने भुकटीच्या निर्यातीला किलोमागे ५० रुपये अनुदान जाहीर केले. हे अनुदान भुकटीच्या वजनावर होते.